उगाच कापलं का?

आमच्या घाटकोपरच्या वहिनीला पडलेला एक प्रश्न गेले काही महिने माझ्याही डोक्यात ठाण मांडून बसलाय. प्रश्न तसा साधा आहे. आजार जिभेला झाला होता, मग डॉक्टरांनी मान का कापली?

तर झालं असं. माझ्या मामेभावाच्या, म्हणजे दादाच्या, जिभेच्या कडेला एक चट्टा उठला होता. दाढ लागत असेल म्हणून आधी मध-हळद झाली, मग बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, मग दाढेची धार घासून झाली. तरी भरेना तेव्हा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट कॅन्सरचा आला. तीस वर्षं हातावर मळलेली तंबाखू, त्यामुळे आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. धक्का मात्र सगळ्यांना बसला. त्यातल्या त्यात बरं म्हणजे गाठ लहान होती. मानेत हाताला काही लागत नव्हतं, सोनोग्राफीतही संशयास्पद काही दिसलं नाही. तरीही सर्जनने सांगितलं, जिभेचा तेवढा भाग काढू आणि त्याच भुलीत मानेच्या त्या बाजूच्या गाठीही काढून टाकू.

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. जिभेच्या कडा स्वच्छ, मानेतून काढलेल्या सगळ्या गाठी स्वच्छ. घरात पेढे वाटले गेले. मग हळूहळू लक्षात आलं की दादाला डावा हात खांद्याच्या वर नेता येत नाही. लोकलमधली कडी धरता येत नाही, शर्टाची बाही चढवताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. आणि एके दिवशी वहिनी मला म्हणाली, "अगं, गाठी स्वच्छच होत्या ना? मग उगाच कापलं की नाही?"

मी काही डॉक्टर नाही. आयुष्य बँकेत आकडे जुळवण्यात गेलं. पण "त्यांनी केलं म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असेल" असं गुळमुळीत उत्तर देणं जिवावर आलं. म्हणून वाचायला बसले. आणि मुलुंडपासून स्लो लोकलने तासाभराच्या आत असलेल्या परळमध्येच या प्रश्नाचं उत्तर शोधलं गेलंय, हे वाचून चाटच पडले.

आधी मानेतल्या या गाठी म्हणजे काय ते सांगते. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, ते आपल्याला माहीत असतं. तसंच तोंडाचं. तोंडातून वाहून येणारा द्रव हनुवटीखालच्या आणि मानेतल्या ग्रंथींमधून गाळला जातो. जिभेवरच्या कॅन्सरच्या पेशी सुटल्या तर त्याही त्याच वाटेने जातात, मुलुंडहून सुटलेली स्लो लोकल नाहूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी करत जाते तशा. पहिल्या एकदोन स्टेशनांवर जेमतेम चारदोन पेशी उतरल्या असतील तर बोटाला काही लागत नाही आणि सोनोग्राफीलाही दिसत नाही. ग्रंथी काढून, तिच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या तरच कळतं. आणि लहान गाठीच्या, बाहेरून मान स्वच्छ वाटणार्‍या रुग्णांतही शंभरातल्या वीस-तीस जणांच्या मानेत हा लपलेला आजार निघतो.

म्हणजे उरलेल्या सत्तर-ऐंशी जणांच्या मानेत काहीच नसतं. दादा त्यांतला एक. आता या सगळ्यांची मान उघडायची, की मानेवर लक्ष ठेवून ज्यांना पुढे गाठ येईल त्यांचीच उघडायची? हा तो वाद.

वाद जुना आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे डॉ. जॉर्ज क्राइल यांनी 1906 साली मानेतल्या गाठी सरसकट काढण्याची पद्धत मांडली. त्यात गाठींबरोबर मानेचा मोठा स्नायू, गळ्याची मोठी शीर आणि खांदा उचलणारी नसही काढली जायची. माणूस जगला तरी खांदा पडायचा. पुढे पद्धत सौम्य होत गेली, नस-स्नायू वाचवून फक्त गाठी काढायला सर्जन शिकले. पण नस वाचवली तरी तिला ओढ बसते, तिचा रक्तपुरवठा दुखावतो, आणि दादासारखा खांदा जखडतो. त्यामुळे एक पक्ष म्हणायचा, दहातल्या सात जणांना विनाकारण हे का सोसायला लावायचं? थांबा, गाठ आली तर काढू. दुसरा पक्ष म्हणायचा, गाठ बाहेरून लागेपर्यंत उशीर झालेला असतो. दोन्ही पक्षांत नावाजलेले सर्जन होते आणि दोघांकडेही आपापले अनुभव होते.

अनुभव... इथेच खरी गोम आहे. समजा एका सर्जनने ज्यांचा आजार जरा दांडगा वाटला त्यांचीच मान उघडली आणि बाकीच्यांना नुसतं लक्षात ठेवलं. दहा वर्षांनी वही काढली तर मान उघडलेले रुग्ण जास्त दगावलेले दिसतील. मग मान उघडणं वाईट ठरलं का? नाही, मुळात आजारच जास्त होता. उलट ज्याने धडधाकट रुग्णांनाच मोठ्या ऑपरेशनसाठी निवडलं, त्याची वही उलटं सांगेल. बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. दोन खात्यांची तुलना करायची तर आधी सुरुवातीची शिल्लक सारखी हवी. इथे शिल्लकच सारखी नसते.

ती सारखी करायचा एकच मार्ग आहे आणि तो ऐकायला भयंकर वाटतो. चिठ्ठी टाकायची. कुणाची मान उघडायची आणि कुणाची नाही हे डॉक्टरने ठरवायचं नाही, रुग्णाने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. माणसं पुरेशी असली की दोन्ही बाजूंना तरुण-म्हातारे, सधन-गरीब, उथळ-खोल आजाराचे सारख्याच प्रमाणात वाटले जातात. मग पुढे जो फरक पडेल तो ऑपरेशनचा.

टाटा मेमोरियलमध्ये हा प्रयत्न आधीही झाला होता. 1989 साली तिथल्या डॉक्टरांनी जिभेच्या कॅन्सरच्या 70 रुग्णांवरचा असाच अभ्यास छापला. ठोस फरक सिद्ध झाला नाही. फ्रान्स आणि ब्राझीलमध्ये झालेले अभ्यासही साधारण एवढेच लहान होते. सत्तर माणसांत तीनचार जण इकडचे तिकडे झाले तर तो फरक औषधाचा की नशिबाचा, हे सांगता येत नाही. मोठा आकडा हवा होता. आणि मोठा आकडा मिळणार कुठे? जिथे तोंडाचा कॅन्सर रोज रांगेत उभा असतो तिथेच. मिसरी, मळलेली तंबाखू, मावा, गुटखा... युरोप-अमेरिकेतल्या एका रुग्णालयाला असे रुग्ण गोळा करायला किती वर्षं लागली असती कुणास ठाऊक. आपल्या दुर्दैवाने आपल्याकडे ते होते.

2004 साली डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकार्‍यांनी हा अभ्यास सुरू केला. तोंडाचा लहान कॅन्सर, बाहेरून मान स्वच्छ, असेच रुग्ण घ्यायचे. निम्म्यांच्या तोंडाच्या ऑपरेशनबरोबर मानेतल्या गाठीही काढायच्या. उरलेल्या निम्म्यांचं फक्त तोंडाचं ऑपरेशन करायचं, त्यांना वरचेवर बोलावून मान तपासायची आणि गाठ आली तर तेव्हा काढायची. 710 रुग्ण घ्यायचं ठरलं होतं. दहा वर्षांत 596 झाले. मधल्या टप्प्यावर पहिल्या 500 जणांचे आकडे बघितल्यावर अभ्यासावर देखरेख करणार्‍या समितीने सांगितलं, आता थांबवा, उत्तर मिळालंय.

उत्तर असं. मानेतल्या गाठी आधीच काढलेल्या गटात 245 जण होते. त्यांच्यातल्या 81 जणांचा आजार उलटला आणि 50 जण गेले. थांबून बघण्याच्या गटात 255 जण होते. त्यांच्यातल्या 146 जणांचा आजार उलटला आणि 79 जण गेले. तीन वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण पहिल्या गटात 80 टक्के, दुसर्‍यात 67.5 टक्के. साडेबारा टक्क्यांचा फरक, म्हणजे सरळ हिशोबाने आठ जणांची मान आधीच उघडली तर एकाचा जीव वाचतो. थांबलेल्यांपैकी ज्यांना नंतर गाठ आली, त्यांची गाठ सापडेपर्यंत आजार पुढे गेलेला असायचा, ग्रंथीचं आवरण फोडून बाहेरही आलेला असायचा. "लक्ष ठेवू आणि वेळेत पकडू" हे म्हणणं बरोबर वाटत होतं, पण वेळेत पकडणं जमत नव्हतं. बाकी अगदी उथळ, तीन मिलिमीटरपर्यंतच्या गाठींमध्ये हा फायदा स्पष्ट दिसला नाही, हेही त्यांनी नमूद केलंय.

2015 च्या मे अखेरीस शिकागोच्या जागतिक कर्करोग परिषदेत, मुख्य सभेत, हा निष्कर्ष मांडला गेला आणि 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. इतकी वर्षं नुसत्या मतांवर चाललेला वाद परळने असा निकालात काढला. आणि बघा, यात विकण्यासारखं काहीच नव्हतं. औषध नाही, यंत्र नाही. मान उघडावी की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर पैसा लावायला कुठली कंपनी पुढे येणार? अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली चालणार्‍या एका रुग्णालयाने ते केलं.

इथपर्यंत वाचलं तेव्हा अभिमान वाटला. रात्री मात्र झोप लागेना. त्या दुसर्‍या गटातले 79 जण डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांच्यातले काही जण, चिठ्ठी दुसरी निघाली असती तर, आज असते. कोणते ते कुणीच सांगू शकत नाही, पण काही जण नक्की. कुणाचा तरी दादा, कुणाची तरी आई. माणसांवर प्रयोग म्हणतात तो हाच की! चिठ्ठीवर माणसाचा जीव लावायचा?

दोनतीन दिवस हे डोक्यात घोळत राहिलं. भाजी निवडताना, बँकेचं पासबुक भरायला गेल्यावर, स्टेशनच्या पुलावर. आणि मग एक गोष्ट लक्षात आली, जी इतकी उघड आहे की आधी कशी सुचली नाही कोण जाणे.

चिठ्ठी आधीही टाकलीच जात होती की!

2004 च्या आधी जिभेचा कॅन्सर घेऊन माणूस डॉक्टरकडे गेला, तर त्याची मान उघडली जाईल की नाही हे कशावर ठरायचं? तो कुणाच्या दारात गेला यावर. डॉक्टर या पक्षाचा असेल तर उघडणार, त्या पक्षाचा असेल तर थांबणार. बोरिवलीला राहणारा शेजार्‍याच्या ओळखीने एकाकडे जाणार, अंधेरीचा साहेबाच्या ओळखीने दुसर्‍याकडे. ही चिठ्ठी नाही तर काय? फरक एवढाच की ती टाकली जातेय हे रुग्णाला माहीत नव्हतं, कुठल्या कागदावर त्याची सही नव्हती, आणि मुख्य म्हणजे पुढे काय झालं हे कुणी मोजत नव्हतं. थांबलेल्यांपैकी शंभरातले बारातेरा जण जास्त जात होते ते तेव्हाही जातच होते. त्यांची गणती नव्हती, म्हणून ते मरण "नशीब" या खात्यात जमा होत होतं.

टाटाने चिठ्ठी उघड्यावर आणली, रुग्णाला विचारून टाकली आणि मग दहा वर्षं नेटाने मोजलं. मला वाटतं, क्रूर ती न मोजलेली चिठ्ठी होती.

आणि मोजल्यावर दर वेळी सुरीचीच बाजू जिंकते असंही नाही. त्याच 2015 साली त्याच रुग्णालयाचा दुसरा अभ्यास 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला, डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकार्‍यांचा. स्तनाचा कॅन्सर पहिल्या भेटीतच शरीरात इतरत्र पसरलेला आहे, केमोथेरपीला प्रतिसाद मिळालाय, अशा 350 बायका. निम्म्यांच्या स्तनाचं आणि काखेतल्या गाठींचं ऑपरेशन आणि त्यापुढचे उपचार केले, निम्म्यांचं नाही केलं. जुन्या वह्या सांगत होत्या की ऑपरेशन केलेल्या जास्त जगतात. चिठ्ठी टाकल्यावर काय निघालं? मध्यमान आयुष्य ऑपरेशनच्या गटात 19.2 महिने, न केलेल्यांत 20.5 महिने. फायदा शून्य. जुन्या वह्यांत ज्या जगल्या त्या मुळात धडधाकट होत्या, म्हणून तर सर्जनने त्यांना ऑपरेशनसाठी निवडलं होतं. या अभ्यासामुळे किती जणींचं शेवटच्या दीड-दोन वर्षांतलं एक मोठं ऑपरेशन टळलं असेल! "काहीतरी करा हो डॉक्टर" म्हणणारे आपण नातेवाईक, आपल्याला हे पचायला जड जातं. पण कापणं म्हणजेच काहीतरी करणं असं नसतं.

कधीकधी तर फरक सुरीच्या आधीच्या पाचदहा मिनिटांत असतो. डॉ. बडवे यांच्याच पुढाकाराने देशातल्या अकरा रुग्णालयांत 1600 बायकांवर एक अभ्यास झाला, तो 2023 साली छापून आला. स्तनाची गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं. लिडोकेन म्हणजे दंतवैद्य दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करायला देतो ते. पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात 90.1 टक्के, दुसर्‍यात 86.4. इतकं स्वस्त, इतकं जुनं औषध. चिठ्ठी टाकून मोजलं नसतं तर कुणाचा विश्वास बसला असता?

असो. परत वहिनीच्या प्रश्नाकडे. मी तिला हे सगळं माझ्या परीने सांगितलं. आठातला एक, दहातले सात, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दुसर्‍या कुणाच्या जिवासाठी यांचा खांदा गेला." क्षणभर वाटलं, खरंच की. पण तसंही नाही. ऑपरेशनच्या टेबलावर दादा त्या आठांपैकी कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, दादालाही नाही. रिपोर्ट स्वच्छ आला हे आपल्याला मान उघडली म्हणूनच कळलं. पावसात न भिजता घरी आल्यावर "छत्री उगाच नेली" म्हणता येईल, पण निघताना आभाळ बघूनच ठरवावं लागतं ना! खांद्याचं दुखणं मात्र खरं आहे आणि ते आकड्यांत विरघळत नाही. त्या अभ्यासातही नोंदवलेली गुंतागुंत मान उघडलेल्यांत 6.6 टक्के आणि दुसर्‍यांत 3.6 टक्के होती, म्हणजे जवळजवळ दुप्पट. फुकट काहीच मिळत नाही. दादाचा व्यायाम चालू आहे. भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं, हात मागे न्यायचा, रोज दोन वेळा. कानापर्यंत हात जातो आता.

आणि हा प्रश्नही तिथेच थांबलेला नाही. आता गाठीशेजारी किंचित किरणोत्सारी द्रव टोचून तो मानेतल्या कोणत्या ग्रंथीत सर्वांत आधी पोचतो ते बघतात. तेवढीच ग्रंथी काढून तपासायची. ती स्वच्छ असेल तर बाकीची मान तशीच ठेवायची. म्हणजे गाडी पहिल्या स्टेशनावर कुणाला उतरवून गेली का, तेवढंच बघायचं. फ्रान्समध्ये 2020 साली आणि जपानमध्ये 2021 साली यावरचे अभ्यास छापून आले. जगण्याच्या बाबतीत ही पद्धत कमी पडली नाही, आणि मान-खांद्याचा त्रास कमी झाला. तेही चिठ्ठ्या टाकूनच कळलं. उद्याच्या एखाद्या दादाचा खांदा कदाचित त्यामुळे वाचेल.

हे वाचायला लागल्यापासून परळला उतरले की नजर वेगळं बघते. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर पथारी टाकून बसलेली माणसं, हातात फायलींच्या पिशव्या, नाकात नळी घातलेला कुणी, मानेभोवती पंचा गुंडाळलेला कुणी. बिहारहून, बंगालहून, आपल्या खानदेश-मराठवाड्यातून आलेले. त्या 596 जणांतलेही बरेच जण असेच आले असतील. त्यांची नावं कुठल्याही मासिकात नाहीत, आणि नसावीतच. डॉक्टरांची नावं वर छापली जातात, यांचा होतो आकडा. पण विचार करा, नुकतंच कॅन्सर झाल्याचं कळलेला माणूस, समोर कागद, आणि डॉक्टर सांगतात की दोन पद्धतींतली चांगली कोणती ते आम्हालाही माहीत नाही, चिठ्ठीने ठरवायची तयारी आहे का? डॉक्टरच्या तोंडून "माहीत नाही" ऐकायला आपल्यातले किती जण तयार असतात? ती माणसं तयार झाली. सही केली, ज्यांना येत नसेल त्यांनी अंगठा दिला. आणि मग पुन्हा पुन्हा तपासणीला येत राहिली, रिझर्व्हेशन मिळालं तर बसून, नाहीतर उभ्याने.

आज जगात कुठेही जिभेची लहान गाठ घेऊन कुणी सर्जनसमोर बसतो तेव्हा त्याला जे उत्तर मिळतं, त्यात या लोकांचा वाटा आहे. पुढच्या वेळी डॉक्टर काही कापायचं म्हणाले, किंवा नको म्हणाले, तर मी एक प्रश्न नक्की विचारणार आहे. हे कुणी मोजलंय का, आणि कसं? डॉक्टरवर अविश्वास म्हणून नाही. आपल्याआधी त्या टेबलावर झोपून गेलेल्यांची आठवण म्हणून.